जांभळ्या खुणा

काल नातीच्या बोटांना जांभळी शाई लागलेली दिसली आणि मला यांची मान आठवली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे सौंसरला मास्तर होते. गळ्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा आम्ही रोज सकाळच्या बसनं नागपूरला विजेचा शेक घ्यायला जायचो. शेकाची जागा कळावी म्हणून डॉक्टरांनी मानेवर जांभळ्या खुणा केल्या होत्या. मी म्हणायची, "मास्तर, पोट्ट्यांनी तुमच्यावरच शाई सांडवली!" हे नुसते गालात हसायचे. आवाज पार गेला होता.

संध्याकाळची पोथी नेहमी तेच वाचायचे. आता ती माझ्याकडे आली. मी चौथी शिकलेली. पहिल्याच दिवशी 'मुनी तपाला बसले'च्या जागी 'मनी तपाला बसली' वाचलं. यांचे खांदे हसण्यानं गदगदा हलले. कितीतरी दिवसांनी ते असे हसले होते. मग मी रोज मुद्दाम एक चूक करायची आणि मनात म्हणायची, देवा, माफ कर, पण यांचं हसू राहू दे.

शेक संपून महिना झाला होता. मी नेहमीसारखी चुकले, तोच मागून घोगरा आवाज आला, "तू मुद्दाम चुकून राहिली, मले पयल्यापासून मालूम हाय."

मी वळून यांना विचारलं, "मंग हासत काहून होते?"

"तुले धीर यावा म्हणून."

मी पोथी त्यांच्या हातात दिली. पुढचं पान त्यांनी थांबत थांबत वाचलं.