नीलाबाईंची तारखांची वही

आरमोरीच्या पुढं, जंगलाला लागून, एका महाराजांच्या ट्रस्टची मुलींची निवासी शाळा आहे. तिथल्या अधीक्षिका नीलाबाई. त्यांची नक्कल करायची तर आधी पदर कानामागं खोचायचा, मग नाकातून म्हणायचं, "पोरीहो, आवाज नाई पायजे." आमच्या दहावीत माझ्याइतकी ती कुणालाच जमत नाही.

खुशीत असल्या की नीलाबाई स्वतःची गोष्ट सांगतात. सात वर्षं मूल झालं नाही, तर सासूनं त्यांच्या बापाला अंगणातच सांगितलं, "घेऊन जा तुमची पोरगी. इथी नाई पायजे." सासूचा आवाज काढतात आणि रडतात. मी तेही करून दाखवते, रडण्यासकट. पोरी पोट धरून हसतात.

त्यांच्याकडं एक वही आहे. कोणती मुलगी कोणत्या तारखेला 'बाहेर' बसली, ते तीत लिहायचं. बसली की चार दिवस देऊळ बंद, पहाटेची आरती माफ. म्हणून आम्ही महिन्यातून दोनदासुद्धा बसायचो. नीलाबाई नुसतं लिहून घ्यायच्या, मागचं पान बघायच्या नाहीत. एटापल्लीकडची आचल तेवढी खरं सांगायची. तिच्या नावापुढं तीन महिने कोरे होते.

वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यातली रंजीता सिस्टर शरीराची माहिती द्यायला येते. शेजारी उभ्या राहून नीलाबाई तिचं बोलणं सोवळं करतात. यंदा सिस्टर म्हणाली, "गर्भाशय." नीलाबाई म्हणाल्या, "म्हंजे पोट." सिस्टर म्हणाली, "पाळी." नीलाबाई म्हणाल्या, "म्हंजे अडचण."

आचल माझ्या कानाशी लागली. "तीन महिने नाई आली तं काय होते, इचार ना. मले लाज वाटते."

मी विचारलं. मान खाली घालून, आचलच्याच घोगऱ्या आवाजात. मजा म्हणून. सगळ्यांच्या माना आचलकडं वळल्या.

"रक्त कमी असलं की चुकते," सिस्टर म्हणाली, आणि जाताना आचलचं रक्त तपासायला घेऊन गेली.

ते वाक्य नीलाबाईंनी सोवळं केलं नाही. त्या वही आणायला गेल्या होत्या.

वहीतले तीन कोरे महिने बघून नीलाबाईंनी आचलच्या बापाला बोलावलं. तिसऱ्या दिवशी पत्रूभाऊ अंगणात उभा होता. "परीक्षेले वीस दिस राह्यले, बाई. तेवढी देऊ द्या."

आचल माझ्याकडं वळली. "बाईले सांग ना, वहीत सगळ्याईचंच खोटं हाय म्हणून."

सांगितलं असतं तर रोज पहाटे चारला आरतीला उठावं लागलं असतं. मी चपलेचा अंगठा बघत राहिले.

"घेऊन जा तुमची पोरगी," नीलाबाई म्हणाल्या. "इथी नाई पायजे."

सासूच. हुबेहूब. मला तो आवाज इतका कधीच जमला नव्हता.

पेपर सुरू झाल्यावर सिस्टरचा निरोप आला. आचलच्या अंगात रक्त फार कमी आहे, बाकी काही नाही, गोळ्या सुरू करा. नीलाबाईंनी तो उभ्यानंच ऐकला, वही काढली आणि आचलच्या ओळीवर पट्टीनं सरळ रेघ मारली.

मग माझी तारीख लिहून घेतली. मी त्या दिवशी बाहेर बसले होते.