पाटी नसलेली आग

कॅमेरा खांद्यावर घेतला की नामदेवराव बिरादारांचा श्वाससुद्धा हलत नाही, असं हैदराबादचे वार्ताहर म्हणायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी वाहिन्यांसाठी मोर्चे, पूर, निवडणुका सगळं टिपलं. एक शिस्त मात्र कधी मोडली नाही. कारखान्यात अपघात झाला की कारखान्याची पाटी चौकटीत येऊ द्यायची नाही. पाटी दिसली की मालकाच्या वकिलाची नोटीस येते, हे ऑफिसनं त्यांना पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. या हातोटीचा त्यांना केवढा अभिमान! नव्या पोरांना ते ती मिटक्या मारत सांगायचे.

निवृत्तीनंतर ते दुपारचं जेवायला चिक्कडपल्लीत त्रिवेणीच्या खानावळीत जात. त्रिवेणी उदगीरकडची. सहा वर्षांपूर्वी कुकटपल्लीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्याला आग लागली, त्यात तिचा नवरा दिलीप गेला. ती तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती. टीव्हीवरची ती आग तिला कुणी पाहू दिली नाही. टिपली होती नामदेवरावांनीच; दिलीपला बाहेर काढलं तेव्हाही ते तिथंच होते. तिला ते ठाऊक होतं, पण दोघं त्यावर कधी बोलले नाहीत. खानावळीला जागा मात्र त्यांनीच शोधून दिली होती.

त्या दिवसांत सीमेवर लढाई जुंपलेली आणि खानावळीतला टीव्ही क्षणभर गप्प बसत नव्हता. निवेदक असे किंचाळत होते, जसं काही तोफा त्यांच्याच हातात दिल्यात. अचानक पडद्यावर लाल अक्षरं आली : शत्रूचं बंदर बेचिराख! मागे ज्वाळा. नामदेवरावांचा घास हातातच राहिला.

ज्वाळांच्या डावीकडे अर्धं जळालेलं नारळाचं झाड होतं. काळ्या भिंतीत तीन खिडक्या होत्या. कॅमेरा संथपणे उजवीकडे वळला आणि पाटीच्या अगदी अलीकडे येऊन थांबला. त्यांचाच हात! इतकं धडधडीत खोटं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

खानावळ टाळ्यांनी दणाणली. त्रिवेणी हातात उलथणं घेऊन बाहेर आली.

"हौ, असंच पायजे! जळू द्या मेल्यांना!" ती म्हणाली.

नामदेवराव उष्ट्या हातानंच बाहेर गेले आणि त्यांनी वाहिनीत फोन लावला. तिथला बातम्यांचा प्रमुख हर्षवर्धन त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"हर्ष, ती आग कुकटपल्लीची आहे रे. मी घेतलीय. काढ आधी!"

"काका, सगळ्यांनीच लावलीय. आम्ही एकट्यांनी काढली तर लोक आम्हालाच देशद्रोही म्हणतील."

"अरे, माणूस गेलाय त्यात!"

"मग प्रूफ द्या ना काका. कुठं बोर्ड, पाटी, कायतरी दिसतंय का?"

नामदेवरावांनी फोन ठेवला. पाटी दिसत नव्हती. ती दिसू नये म्हणून धुरात खोकत, डोळे चोळत त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आता ही आग जगातल्या कुठल्याही गावाला लावा, कोण विचारणार? त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटली.

ते आत आले, तेव्हा त्रिवेणी हसऱ्या चेहऱ्यानं भात वाढत होती.

"त्रिवेणी, टीव्ही बंद कर."

"नक्को काका, लोकं बघायलेत."

"बाई, ती कुकटपल्ली आहे. दिलीपचा कारखाना."

आधी ती हसली. मग तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. पडद्यावर तीच आग पुन्हा सुरू झाली होती. भाताचं पातेलं तिथंच ठेवून ती टीव्हीपाशी गेली. पहिल्या खिडकीवर तिनं बोट ठेवलं, मग दुसऱ्या.

"काका, ते कुठल्या खिडकीत होते?"

"तिसऱ्या," नामदेवराव कसंबसं म्हणाले.

तिनं तिसऱ्या खिडकीवर अख्खा तळवा ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

"ओ अक्का," मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "हात काढा की, दिसंना झालंय!"