डोहातल्या बाभळीचा माच

आमच्याकडे बाभळीचं लाकूड तोडलं की लगेच वापरत नाहीत. नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवतात, सालभर मुरू देतात. नाहीतर भुंगा पोखरून त्याचं पीठ करतो. ह्यांनी दाबून ठेवलेली लाकडं तशीच पाण्यात राहिली आणि हे गेले. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता गेले. 'हे' म्हणजे माझे मालक. त्यांच्या हयातीत मी नाव घेतलं नाही, आता कशाला घेऊ?

त्या लाकडावरून घरात बाप-लेकाचं वाजलं होतं. ह्यांना मक्याच्या कणसांसाठी माच बांधायचा होता. बाभळीच्या खांबांवर कमरेइतका उंच, चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या, वर पत्रा. कणसं त्यात भरली की वाऱ्यावर वाळतात आणि म्हशींना उन्हाळाभर पुरतात. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे पटेना. त्यांचा जन्म ज्वारीत गेलेला. मक्याला ते कोंबड्यांचं खाणं म्हणायचे, जिभेला कधी लावला नाही. "घरात ज्वारीची कणगी हाय ना? तुह्या मक्यासाठी आता बंगला बांधू काय बे?" असं ते लेकाला चारचौघांत बोलले. हे उठून गेले आणि माचाचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

हे गेल्यावर मामाजींनी बोलणंच टाकलं. हाक मारली की ताटावर येऊन बसायचे, चतकोर भाकर मोडायची, पाणी प्यायचं, उठायचं. डॉक्टर म्हणाला, दुखणं काही नाही. म्हणे दुखणं नाही! मी मुळात तोंडाळ बाई, त्याला तिथंच दोन शब्द सुनावले. पण घरी आल्यावर मामाजींसमोर माझीही जीभ उचलायची नाही. एक माणूस गेलं होतं, दुसरं डोळ्यांदेखत झिजत होतं, आणि घरात आम्ही दोघंच होतो. मामाजींनाही घालवून बसणार मी, एवढीच भीती मनात असायची.

मका निघायची वेळ आली. आदल्या साली अंगणातला कणसांचा ढीग अवकाळी पावसात भिजून काळा पडला होता. मी ठरवलं, माच बांधायचाच. गावातल्या सुतारचाचांकडे गेले. आमच्या घरची वखरं-तिफणी त्यांच्याच हातच्या. ते म्हणाले, "करून देतो बेटी, पण लाकूड कुठं हाय?" डोहातली नेमकी जागा बाप-लेकालाच ठाऊक होती. घरी येऊन मी मामाजींना विचारलं. त्यांनी काठी घेतली, नाल्यावर चालत गेले आणि पाण्यात काठी टेकवून दाखवलं.

चाचांनी बैल लावून लाकडं वर ओढली. काळीभोर झालेली, शेवाळलेली, घाण वासाची. मामाजींनी एकावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि घरी निघून गेले.

माच उभा राहिला. दोन कामट्यांमध्ये बोटभर फट ठेवत चाचा म्हणाले, "मक्याले हवा लागते बेटी. ज्वारीवानी कोंडला तर गेला समज." आम्ही कणसं भरली.

मग मी डोणगावच्या बाजाराला गेले. परत आले तर अंगणात ओल्या शेणाचा वास. मामाजी कोपरापर्यंत शेणामातीनं माखलेले, आणि माचाची मावळतीची अख्खी बाजू लिपून काढलेली. कणगी लिपतात तशी, बोटांचे गोल उमटवत. एक फट म्हणून ठेवली नव्हती.

"उघडा होता," ते म्हणाले. "त्याचं काम अर्धं दिसून राह्यलं होतं मले."

इतक्या महिन्यांनी तोंडातून निघालेले ते पहिले शब्द. मी "चांगलं केलं मामाजी," म्हटलं. त्या सांजेला ते अख्खी भाकर जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी बाजूही लिपली. चाचा माचाच्या दाराला कडी बसवायला आले, पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सडन ना हे, बेटी."

"सडू द्या," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. म्हशींना कडबा घालीन, विकतचा आणीन, पण मामाजी जेवत होते.

तिसरी बाजू लिपून झाली तेव्हा मी दारातून कणसांत हात घातला. आत गरम लागलं. शेवटी शेवटी ह्यांच्या अंगावर हात ठेवला की लागायचं, तसं. माझ्यानं राहवेना. हे एवढंच तर मागे ठेवून गेले होते. मामाजी चौथ्या बाजूसाठी शेण कालवत बसले होते, तिथं जाऊन उभी राहिले.

"थांबा मामाजी. मका कोंडला की सडते. हे लिपाचं नसते."

त्यांनी हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला. संपलं, मला वाटलं, आपल्याच तोंडानं संपवलं. ते उठले, हात धुतले, माचाच्या दारातून कोपरापर्यंत हात आत घातला. कितीतरी वेळ काढलाच नाही. मग खुरपं घेतलं आणि जिथून लिपायला सुरुवात केली होती तिथूनच खरवडायला लागले. मी विळा घेऊन दुसऱ्या बाजूला लागले. वाळलेले पोपडे पायाशी पडत होते.

"त्यानं सांगतलं होतं मले," खरवडता खरवडता ते म्हणाले. "मक्याले हवा पाह्यजे म्हणे. म्या म्हटलं, तुले काय समजते बे."

खुरपं थांबलं. बाभळीच्या खांबाला कपाळ टेकून ते रडले, लेक गेल्यापासून पहिल्यांदा. मी अडवलं नाही. मीही रडून घेतलं, आणि मग आम्ही उरलेलं खरवडलं.

लिपलेल्या बाजूंलगतची थोडी कणसं बुरशीनं गेली, ती उकिरड्यावर टाकली. बाकीचा मका वाचला, खडखडीत वाळला.

एका सकाळी मी चुलीपुढे होते. मामाजी ओट्यावर येऊन बसले. "त्याच्या मक्याची टाक एखादी भाकर," म्हणाले.

मी दोन कणसं सोलून जात्यावर दळली, भाकर थापली, ठेच्यासोबत पुढे ठेवली. त्यांनी तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत राहिले.

"गोड हाय बे," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते माचाकडे पाहून बोलत होते.