ताईचा खोकला, भावोजींचा खोकला

ताई गेल्याचा फोन घरमालकांकडे आला तेव्हा मी दाढी करत होतो. दाढी अर्धवट टाकून ठाकुर्लीहून डोंबिवलीला पोचलो, तर कुणाचं लक्षही गेलं नाही...

सुमनताई माझी थोरली बहीण. तिला आणि भावोजींना, दोघांनाही मधुमेह, आणि हृदयावर त्याचा परिणाम नुकता सुरू झालेला. ठाण्यात माजिवड्याच्या एका डॉक्टरांनी अशा रोग्यांसाठी हृदयाच्या औषधाची चाचणी काढली होती. त्यांना जोडपी पसंत. एकाला बोलावलं की दुसरं आपसूक येतं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, हे आपल्यालाही ठाऊक नसणार, असं डॉक्टरांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की न कळणं हीसुद्धा एक पदवी असावी असं वाटलं.

दवाखान्याच्या बाकावरच्या बायकांना मात्र लवकरच कळलं. खऱ्या गोळीनं कोरडा खोकला यायचा. ताई खोकायला लागली. भावोजींचा घसा ठणठणीत. ‘‘तुझी ढास ऐकून शेजारचे भिंत ठोकतात गं,’’ असं वर चिडवायचे. पुढे ताईचा खोकला थांबला आणि भावोजींचा सुरू झाला. आम्ही हवेला दोष दिला. डोंबिवलीची हवा त्या कामी कायम तयार असते.

चाचणी संपली तोवर ताईला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. इस्पितळातल्या शेवटच्या भेटीत तिनं सहज सांगितलं, ‘‘अहो, मी आपल्या बाटल्या बदलल्या होत्या. माझी खरी होती.’’

भावोजी ताडकन उठले. ‘‘अगं, मला विचारायचंस तरी!’’

‘‘विचारलं असतं तर घेतल्या असत्यात?’’

‘‘मुळीच नाही!’’

‘‘मग?’’

जन्मभर तिनं साय त्यांच्या वाटीत आणि करपलेली पोळी स्वतःच्या पानात वाढली. गोळ्याही तशाच वाढल्या. त्याग वगैरे शब्द लोकांनी नंतर वापरले. तिला ते वाढणंच वाटलं असावं...

तेराव्यानंतर डॉक्टरांच्या सत्काराचं आमंत्रण आलं. ‘सपत्नीक यावे.’ भावोजी मला घेऊन गेले. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांनी विज्ञानाची आरती ओवाळली. मग डॉक्टर पडद्यावर आलेख दाखवत म्हणाले, ‘‘पुरुषांना औषध उत्तम लागू पडलं. स्त्रियांना मात्र विशेष गुण नाही. शेवटी स्त्रीचं हृदय कुणाला कळलंय!’’ हशा, टाळ्या.

भावोजी बोलायला उठले, पण उबळ आली. मागच्या रांगेत कुणी खोकलं. मग उजवीकडे, मग दाराशी. मी वळून पाहिलं. खोकणारे सगळे पुरुष होते, आणि प्रत्येकाच्या शेजारची बाई पर्समधून लवंग काढून त्याच्या हातावर ठेवत होती.

खाली बसत भावोजींनी न बघताच शेजारी हात पसरला. शेजारी मी होतो. माझ्याकडे लवंग नव्हती.