ट्रंकेतलं नवंकोरं सामान

पाच मास्तर एका खोलीत वर्षानुवर्षं डबे उघडून बसले की किस्से आपोआप साठतात. आमच्या झरीच्या शाळेत तर एकटे शेळके गुरुजीच पुरेसे होते.

माणूस सोन्यासारखा, पण मला त्यांनी वैताग आणला. लेकीच्या लग्नासाठी लोक दर वर्षाला एखादा हंडा, एखादी परात घेऊन ठेवतात ना, तसं गुरुजी घड्याळ-रेडिओ घेऊन ठेवायचे. परातीचं काय, कल्हई लावली की झाली नवी. रेडिओला कल्हई लावता येत नाही, हे सांगून सांगून मी थकलो. हे सुरू झालं तेव्हा सुनंदा, त्यांची एकुलती एक लेक, पाचवीत होती!

* * *

पहिलं आलं चावीचं मनगटी घड्याळ. जावयासाठी. डांबरगोळ्या घालून ट्रंकेत गेलं.

दोन वर्षांनी शाळेत एक तरुण मास्तर आला. त्याच्या हातात बटण दाबलं की लाल आकडे दिसणारं घड्याळ. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी ट्रंकेतलं घड्याळ दाखवायला आणलं. तो पोरगा म्हणाला, "गुरुजी, याला रोज चावी द्यावी लागती?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "जावयाला रोज जेवू घालावंच लागंल की. तसंच हे."

* * *

मग ट्रान्झिस्टर. कातडी कव्हरचा. तेव्हा रेडिओला लायसन लागायचं, दर वर्षी पोस्टात जाऊन भरायचं. ट्रंकेत झोपलेल्या रेडिओचं लायसन हा माणूस न चुकता भरत होता.

मी म्हणालो, "गुरुजी, निदान बातम्या तरी ऐका."

"वापरलेली वस्तू लेकीला देऊ का सर? तुमी बी काय बोलायलाव."

पुढं सरकारनं लायसनच बंद केलं. गुरुजींना आनंद झाला. ट्रंक उघडून बघतात तर आतले सेल फुटून रेडिओ हिरवागार झालेला. मला इतका राग आला की त्या दिवशी मी डबाच खाल्ला नाही. तोवर घरोघर टू-इन-वन वाजायला लागले होते.

* * *

अर्थात गुरुजींनी टू-इन-वन घेतला. त्यासाठी परभणीला मलाच नेलं. दुकानदार म्हणाला, "याच्यापुढं काही निघणारच न्हाई."

वर्षाच्या आत मी त्याच दुकानात गेलो, तर हा गृहस्थ डबल कॅसेटचा टेप पुसत बसलेला. मी विचारलं, "याच्यापुढं काही निघणार न्हाई म्हणला होतात."

म्हणाला, "तवा न्हवतंच निघालं."

अशा माणसाशी भांडणार तरी काय?

* * *

टीव्हीच्या वेळी मात्र मी हात जोडले. म्हटलं, "गुरुजी, पोरगी आत्ताशी डीएड करायलीय. थांबा जरा."

"भाव वाढायलेत सर," असं म्हणून त्यांनी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घरी आणला आणि खोक्यातच ठेवला. बायकोनं वर ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला. मॅचच्या दिवशी आम्ही सगळे मास्तर आशेनं गेलो. गुरुजींनी चहा पाजला, खोक्याकडं बघत बसू दिलं आणि स्कोअर शेजाऱ्याला विचारून सांगितला.

* * *

शेवटी बैठकीचा दिवस आला. सेलूकडचं स्थळ, मुलगा कारकून, स्वभावानं गरीब. सुनंदाला तो पसंत होता, हे गुरुजींच्या बायकोनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो.

बोलणारा एकटा मुलाचा मामा; मुलगा शेजारी खाली बघत बसलेला. गुरुजींनी मोठ्या हौसेनं एकेक वस्तू सतरंजीवर मांडली. मामानं घड्याळ उलटंपालटं करून ठेवलं, टेपचं बटण दाबून बघितलं, टीव्हीचं शटर सरकवलं आणि हसून म्हणाला, "गुरुजी, हे समदं जुनं झालं. लोक कलर द्यायलेत. असल्या सामानात आमची काय इज्जत ऱ्हाईल?"

दहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेलं ते सामान, आणि त्याच्याकडं बघायची गुरुजींनाच लाज वाटायला लागली. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी हेच बोलत होतो, पण त्या मामाच्या तोंडून ते ऐकवेना.

तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली. तिनं मामाच्या हातात कप दिला आणि खाली मान घालूनच विचारलं, "मामा, नवरदेवाचा जन्म कोणत्या सालचा?"

मामाला वाटलं, पत्रिकेचं विचारायलीय. "त्रेसष्ट," तो म्हणाला.

"मग ह्यातली एक बी वस्तू त्यांच्याएवढी जुनी न्हाई."

पहिल्यांदा हसला तो मुलगाच.