शालूचा उंचावरचा नळ

शालूच्या मुलाचा अकोल्याहून फोन आला तेव्हा गल्लीत नळ आले होते. मी भरलेली बादली सारून दुसरी लावत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. फोन कानाला धरून मी तशीच उभी, बादली भरून वाहतेय, आणि मनात काय यावं… की शालू अजून पाणी भरायला कशी आली नाही!

आता महिना उलटलाय. भेटायला येणारे विचारतात, "कावीळ झाली होती ना त्यांना?" जशी काही कावीळ म्हणजे एस.टी.तून उतरलेली कोणी पाहुणी, पत्ता चुकून शालूच्या दारी आली. मला त्या 'झाली'चाच राग येतो. ती झाली नाही, तिला ती पाजली गेली.

शालू मंगरूळपीरची, मी अनसिंगची. एकाच उन्हाळ्यात दोघी कारंज्यात सुना म्हणून आलो आणि एकाच गल्लीत म्हाताऱ्या व्हायला लागलो. ती शिवणकाम करायची. तोंडानं फटकळ, पण हात मोकळा. आठवड्यानं नळ आले की पहिलं पाणी चहाच्या रंगाचं येतं, म्हणून उरल्यासुरल्या मांजरपाटाच्या छोट्या पिशव्या शिवून, त्यांना नाडी ओवून तिनं त्या घरोघरी नळाच्या तोंडाला बांधायला दिल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. "गाळ अडकते यानं," म्हणायची, "बिमारी नाई अडकत. सांगून ठेवते, मंग मले बोल लावू नका."

आमच्याकडे नळाला जोर नाही. म्हणून घरोघरी नालीच्या कडेला खड्डा खणून नळ जमिनीखाली उतरवलेला असतो, आणि त्याला टिल्लू, म्हणजे पाणी ओढणारी छोटी मोटर. नळ गेले की खड्ड्यात नालीचं पाणी झिरपतं आणि नळाचं तोंड त्यात बुडून राहतं. पुढच्या खेपेला शेजारच्यानं टिल्लू लावला की त्या बुडालेल्या तोंडातून घाण आत ओढली जाते, आणि मग ती सगळ्यांच्या नळीत. हे कोणाला माहीत नाही असं नाही. तरी नवं घर बांधणारा देवघराच्या आधी नळाचा खड्डा बघतो.

गेल्या वर्षी पाण्याला वास यायला लागला तेव्हा शालू मला ओढत नगरपालिकेत घेऊन गेली. साहेब म्हणाले, टाकीतलं पाणी तपासलंय, पिण्यायोग्य आहे.

"साहेब, आमी काय टाकीवर चढून पाणी पेतो?" शालूनं विचारलं.

बाजूच्या टेबलावरचे हसले. साहेब हसले नाहीत. "खड्डे तुम्हीच खणता, बाई. आधी ते बुजवा, मग या."

दुसऱ्याच दिवशी शालूनं मुरूम आणून स्वतःचा खड्डा बुजवला आणि नळ कमरेइतका उंच करून घेतला. "आता साहेबाले बोलाले जागा नाई," म्हणाली. साहेबांनी ते बोलणं आम्हाला कटवायला काढलं होतं, आणि या बाईनं ते खरं मानलं! अख्ख्या गल्लीत एकटीनं. मग काय व्हायचं? तिच्या उंच नळाला थेंब येईना. आमचं घर उताराला, आम्हाला खड्ड्याशिवाय पाणी मिळतं, म्हणून ती माझ्याकडे भरायला येऊ लागली. खड्डा नव्हता आमच्याकडे, पण नळी तीच होती ना…

तिच्या नळाची तोटी केव्हाच गेलेली. नुसत्या तोंडाला पिशवी बांधलेली. गल्लीत टिल्लू सुरू झाले की पाणी यायच्या ऐवजी तो नळच हवा ओढायचा आणि पिशवी आत जायची. मग शालू रस्त्यात उभी राहून ओरडायची, "टिल्लू बंद करा वो! माहा नळ पिशवी गिळून राह्यला!" लोक खिदळायचे. नळ आल्याची खूण म्हणून तिच्या ओरडण्याची वाट पाहायचे.

मग अर्धी गल्ली पिवळी पडली. माझी सून महिनाभर झोपून होती, ती उठली. शालू उठली नाही. तिच्या गळ्यात कोणी काविळीची माळ घातली. माळ जशी लांबेल तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ पोटापर्यंत आली, कावीळ काही उतरली नाही. अकोल्याला नेलं तेव्हा ती मला ओळखत होती, पण बोलत नव्हती.

ती गेल्यावर नालीच्या कडेनं पांढरी पावडर पडली, नगरपालिकेनं घरोघरी पाण्यात टाकायच्या गोळ्या वाटल्या, आणि पुन्हा तेच ऐकवलं गेलं, टाकीतलं पाणी चांगलं आहे. असेल! त्या टाकीला हार घाला. आणि आमची गल्ली तरी कुठली शहाणी? तेरवीचं जेवून लोक घरी गेले, एकानंही खड्डा बुजवला नाही. "तिले शुगर होती ना, म्हणून," असं शेजारची सुमन मलाच समजावून गेली.

परवा नळ आले. शालूच्या घराला कुलूप आहे, पण नळ बाहेर भिंतीवर तसाच, पिशवीसकट. सुमननं टिल्लू लावला, पाठोपाठ बाकीच्यांनी. माझ्या डोळ्यांदेखत पिशवी आत गेली. मला राहवलं नाही. रस्त्यात उभी राहून मी ओरडले, "टिल्लू बंद करा वो!"

सुमन दारात आली. "काकू, शालूकाकू गेल्या, आता तुमी काहून सुरू झाल्या?"

"इकडे ये," म्हटलं. "ही पिशवी काढ, अन् तोंडावर हात ठेवून पाह्य."

ती हसत हसत आली. नाडी सोडली, तळवा ठेवला. तळवा चिकटला तसं तिचं हसू गेलं. "बापा… कसा ओढून राह्यला वो!" म्हणाली.

मागे तिच्या दारातल्या खड्ड्यात तिचाच टिल्लू घरघरत होता.