दोन-दोनाच्या रेघा

तिला आम्ही मीटरबाई म्हणत असू. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि तिने कधी मनाला लावून घेतलं नाही. आमच्या कामावर येण्याआधी नऊ वर्षं तिने दिराच्या दुकानात कापड मोजलं होतं. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, बोटभर जास्त नाही की बोटभर कमी नाही. दीर म्हणायचा, "वहिनी, हात जरा सैल ठेवा, गिऱ्हाईक खूश होतं." ती म्हणायची, "मग मोजायचं कशाला? अंदाजाने फाडून देऊ." शेवटी आमच्या जाहिरातीचं कात्रण दिरानेच तिच्या हातात आणून ठेवलं.

जाहिरात होती एका अभ्यासाची. ज्यांचा रक्तदाब थोडा चढा आहे अशा आठशे बावन्न माणसांना दोन वर्षं घरी वापरायला मीठ द्यायचं होतं. निम्म्यांना नेहमीचं, निम्म्यांना सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं. चव जवळजवळ तीच, पाकिटं सारखी, वर फक्त एक अक्षर. कुणाच्या वाट्याला कोणतं आलंय हे खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, यादी तिजोरीत. चार दवाखान्यांत दर तीन महिन्यांनी सगळ्यांचा रक्तदाब मोजायचा आणि शेवटी यादी उघडून बघायचं. फरक पडला असता तर चार-पाच अंकांचा. एका माणसाला चार अंक म्हणजे काहीच नाही, पण गावातल्या प्रत्येकाचे चार अंक उतरले तर पक्षाघाताने अंथरुणाला खिळणारे डोळ्यांना दिसण्याइतके कमी होतात. म्हणून एवढा खटाटोप.

तीन दवाखान्यांत मुरलेल्या सिस्टर होत्या. चौथा बस आगाराच्या मागे, एका खोलीचा, खिडकीला जाळी आणि जाळीला काजळी. तिथे जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तिथे मीटरबाई. चार आठवड्यांचं शिक्षण झालं, हातात एक पातळ माहितीपुस्तिका मिळाली आणि तिने ती पुस्तिका खरी मानली. चूक म्हणायची तर एवढीच.

पुस्तिकेत लिहिलं होतं: माणसाला पाच मिनिटं गप्प बसवावं. पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, हात टेबलावर. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. रबरी फुगा दाबून पारा चढवावा आणि मग हवा हळू सोडावी, सेकंदाला एक रेघ. पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोके थांबतील तो खालचा. दोनदा मोजावं, दोन्ही वेळचे आकडे लिहावेत.

सरावाला घरी सासूबाई होत्या.

"सकाळपासून ही चौथी खेप," सासूबाई म्हणाल्या. "लोकांच्या सुना पाय दाबतात, माझी दंड आवळते."

"बोलू नका, आकडा चढतो."

"चढेल नाहीतर काय. तुझा चेहरा बघ आधी, परीक्षेला बसल्यासारखा."

"आई, आता पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून हं."

तरीही सासूबाई रोज दंड पुढे करायच्या. शेजारणींना सांगायच्या, आमच्या सुनेला पाऱ्याचं कळतं.

सगळ्या दवाखान्यांचे आकडे कचेरीत माझ्याकडे यायचे. गणिताची पदवी होती, डोळे चांगले होते. सहा महिन्यांनी मी चारी दवाखान्यांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले. तिघांचे तक्ते भावंडांसारखे दिसत होते. एकशे चाळीस, एकशे पन्नास, एकशे साठ. पहिला आणि दुसरा आकडा बहुधा एकच. माणूस तीन महिन्यांनी परत आला तरी आकडा तोच. आणि बस आगाराचा तक्ता? एकशे सेहेचाळीस, एकशे अडतीस, एकशे बावन्न, एकशे चौतीस. पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन आकडेही एकमेकांशी जुळत नव्हते. मी त्या तक्त्यावर लाल खूण केली. ती मीच केली, दुसऱ्या कुणी नाही.

अभ्यासाचे प्रमुख मोठे डॉक्टर. हुशार, घाईचा आणि फसवणुकीची चीड असलेला माणूस. ते म्हणाले, "तिघं एक सांगतात, चौथी वेगळंच. ही बाई घरी बसून आकडे रचते आहे. रचणारा माणूस मुद्दाम गोल आकडे टाळतो, खरं वाटावं म्हणून." मला पटलं. बस आगाराची दोनशे बारा माणसं अभ्यासातून काढायची, बाईंना कामावरून काढायचं आणि कारणाच्या रकान्यात 'बनावट नोंदी' असं लिहायचं, असं पत्र टंकून तयार झालं. ते दोन शब्द घेऊन तिला कोणत्या दवाखान्याने दारात उभं केलं असतं? आणि दोनशे बारा माणसं गेली की उरलेल्यांच्या जोरावर चार अंकांचा फरक पकडणंही कठीणच होतं.

तिला बोलावलं. ती आपली नोंदवही छातीशी धरून आली. डॉक्टरांनी पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने ते सावकाश, दोनदा वाचलं.

"तुमचे आकडे बाकी तिघांशी जुळत नाहीत, बाई," डॉक्टर म्हणाले.

"मी त्यांचे पाहिलेले नाहीत. दाखवाल?"

मी तक्ते तिच्यापुढे ठेवले. तिने बोट फिरवत पहिलं पान संपवलं, दुसरं संपवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, पाऱ्याच्या नळीवर रेघा दोन-दोनाच्या आहेत ना?"

"हो."

"म्हणजे दोन, चार, सहा, आठ आणि शून्य. मग यांच्याकडे सगळी माणसं शून्यावरच कशी थांबतात? रक्त काय आपल्या सोयीने थांबतं?"

डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात मी पेन्सिल उचलली. काही गोष्टी मोजल्यावाचून मला बसवत नाही. प्रत्येक आकड्याचा शेवटचा अंक तेवढा मोजला. बस आगारात पाचही अंक जवळपास सारख्या वेळा, शंभरात वीस-वीस. बाकी तीन दवाखान्यांत शंभरात एकाहत्तर वेळा शून्य. मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. माझे कान तापले होते. सहा महिने हेच आकडे माझ्या टेबलावर होते.

डॉक्टर सहजी हटणारे नव्हते. "यावरून त्या चुकल्या असं फार तर म्हणता येईल. या बरोबर आहेत असं नाही ठरत."

"मग माझ्यासोबत मोजा," ती म्हणाली. "तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बस आगाराच्या खोलीत जमलो. डॉक्टरांनी शिकवण्याची नळी आणली होती: दंडावर टेकवायची चकती एक, पण कानात घालायचे जोड दोन. दोघं एकाच वेळी तेच ठोके ऐकणार, तोच पारा बघणार, आपापल्या चिठ्ठीवर आकडा लिहून घडी घालून माझ्याकडे देणार. बाहेरच्या बाकावर बसलेल्यांतली पहिली दहा माणसं घ्यायची ठरली.

पहिल्या तिघांच्या वेळी फुगा डॉक्टरांच्या हातात होता. त्यांनी तो झपाट्याने दाबला आणि तसाच सोडला. फुस्स करून पारा खाली आला. मी चिठ्ठ्या उघडल्या. डॉक्टरांचे आकडे: एकशे पन्नास, एकशे चाळीस, एकशे साठ. तिचे: एकशे सेहेचाळीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे अठ्ठावन्न. तिन्ही चिठ्ठ्यांवर खालच्या आकड्याच्या जागी तिने लिहिलं होतं, 'कळला नाही'.

"तीनातला एकही जुळत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि खालचा कळला नाही म्हणजे काय? मला कळला."

"पारा उतरतो कसा, ते बघा ना. पाच-पाच रेघा एकदम गिळतो. जो मोठा आकडा दिसतो तोच डोळ्यात भरतो."

"मी तीस वर्षं असंच मोजतोय."

"पुस्तिकेच्या चौथ्या पानावर आहे, सेकंदाला एक रेघ," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पुस्तिका तुम्हीच लिहिली आहे ना, डॉक्टर?"

खोलीत मी होते आणि दंड उघडा टाकून बसलेले एक पेंटर होते. पेंटर छताकडे बघू लागले. मीही तेच केलं. डॉक्टरांनी रबरी फुगा तिच्या हातात दिला.

चौथा माणूस. तिने पारा चढवला आणि अंगठ्याने फुग्यावरचं हवा सोडायचं चाक इतकं थोडं फिरवलं की फिरवलं असं वाटेना. पारा एकेका रेघेवर टेकत टेकत उतरला. मी चिठ्ठ्या उघडल्या. डॉक्टर एकशे अडतीस, ती एकशे अडतीस. खालचा आकडाही दोघांचा एकच. पाचवा एकशे चोपन्न, एकशे चोपन्न. सहाव्याला एका रेघेचा फरक. सातवा, आठवा, नववा पुन्हा तंतोतंत. दहाव्याला एक रेघ.

डॉक्टरांनी माझ्या हातातून स्वतःच्या सातही चिठ्ठ्या घेतल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या. सातांत शून्य फक्त एकदा आलेलं होतं.

"पहिले तिघं गेले का?" त्यांनी विचारलं.

"बाहेर आहेत."

"बोलवा त्यांना परत."

पहिल्या माणसाच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला. तासाभरापूर्वी डॉक्टरांनी त्याचा आकडा एकशे पन्नास लिहिला होता. आता त्यांच्याच अक्षरात एकशे सेहेचाळीस आला. ते स्वतःशीच हसले. मोठ्या माणसाला असं हसता येतं हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी खिशातून ते टंकलेलं पत्र काढलं, चार तुकडे केले आणि मला म्हणाले, "काढायचे ते हे दोनशे बारा नव्हेत. बाकीचे सहाशे चाळीस पुन्हा नीट मोजायचे. आणि शिकवायला या जातील."

शिकवायला गेल्यावर पहिल्याच दवाखान्यातल्या थोरल्या सिस्टरांनी कमरेवर हात ठेवून स्वागत केलं. "कापड मोजणाऱ्या आता आम्हाला बीपी शिकवणार? जाता जाता ब्लाउजचंही माप घ्या."

"घेईन की," मीटरबाई म्हणाली. "पण आधी तुम्हाला पाच मिनिटं गप्प बसावं लागेल. जमेल?"

बाकीच्या सिस्टर फिदीफिदी हसल्या. थोरल्या सिस्टर बसल्या, गप्पही राहिल्या आणि नंतर कानात नळी घालून स्वतः ऐकलं. तासाभराने त्यांनीच कबुली दिली. "खरं सांगू? कार्डावर मागच्या खेपेचा आकडा समोरच असतो. डोळा तिथे जातो, मग कानही तिथेच जातो."

यावर मीटरबाईने काय केलं, तर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक दवाखान्यात कार्डावर ठेवायला दिल्या. मागचा रकाना झाकायचा, मोजायचं, लिहायचं आणि मग पट्टी काढायची. मोठमोठ्या पुस्तकांत यासाठी लांबलचक प्रकरणं असतात. तिने ते पुठ्ठ्यात भागवलं. आणि त्याच थोरल्या सिस्टर पुढे इतक्या कडक झाल्या की ओळीने तीन एकशे चाळीस दिसले तर लिहिणारीला खुर्चीवरून उठवायच्या.

दोन वर्षं पुरी झाली. तिजोरी उघडली, यादी बाहेर आली, कोणतं अक्षर कोणत्या मिठाचं ते कळलं आणि मी बेरजा-वजाबाक्यांना बसले. वेगळं मीठ खाणाऱ्यांचा रक्तदाब खाली होता. चारही दवाखान्यांत, बायकांत, पुरुषांत, सगळीकडे. मग डॉक्टर म्हणाले, "गंमत म्हणून तीन दवाखान्यांचे ते जुने गोल आकडे घालून बघा." घातले. फरक जवळजवळ नाहीसाच झाला.

"बस आगार काढून टाकलं असतं आणि यांच्यावरच विसंबलो असतो तर?" त्यांनी विचारलं.

"तर मीठ बदलून काही होत नाही, असं तुमच्या सहीने छापून आलं असतं."

"आणि लाल खूण तुमची."

"माझीच," मी म्हणाले. छापलेल्या निबंधात मापनाचा परिच्छेद तिच्या पद्धतीवर आहे आणि लेखकांच्या ओळीत तिचं नाव आहे. त्यासाठी मला कुणाशी भांडावं लागलं नाही. डॉक्टरांनीच ते पहिल्या मसुद्यात घातलं होतं.

मी तिला फोन केला. "चार-पाच अंकांनी उतरला गं."

"चार-पाच म्हणजे चार की पाच?"

"चार पूर्णांक सहा."

"मग तसं सांगा ना, ताई."

निकाल लोकांना कळवायचं काम तिने दुसऱ्या कुणाला दिलं नाही. पुढच्या सोमवारी बस आगाराच्या खोलीत एकेकाला आत बोलावून तिने स्वतः सांगितलं: काय निघालं, तुम्ही कोणतं मीठ खात होता, आता कोणतं घ्यायचं. मीही यादी घेऊन शेजारी बसले होते. निवृत्त बसचालक असलेले एक आजोबा आले. तिने सांगितलेलं त्यांनी मान डोलावत ऐकलं.

"म्हणजे मी खात होतो ते चांगलं की साधं?"

तिने यादीत बघितलं. "साधं."

"दोन वर्षं?" आजोबांचा चेहरा पडला. "दोन वर्षं मला तुम्ही साधंच मीठ खाऊ घातलंत?"

"तुम्ही खाल्लंत म्हणून तर कळलं, आजोबा. सगळ्यांनीच वेगळं खाल्लं असतं तर कशाशी ताडून बघितलं असतं? तुमचा आकडा जिथल्या तिथे राहिला, म्हणून त्यांचा उतरलेला दिसला."

आजोबांनी यावर बराच विचार केला. मग नवीन मिठाचं पाकीट काखेत मारलं, शर्टाची बाही खाली केली, बटण लावलं आणि ताठ होऊन बाहेर गेले. बाकावर बसलेल्यांना ते सांगत होते की आपण साधं मीठ खाल्लं नसतं तर या डॉक्टर लोकांना काही म्हणता काही कळलं नसतं. आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.